ओसूमध्ये १८० बीपीएमपुढे बोटं अडकतात: शरीराची मर्यादा की सरावातली चूक?

झेडएक्स_वऱ्हाड

ओसू स्टँडर्ड खेळतो, म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर माउसने गोल गाठून की दाबायचा संगणकावरचा खेळ. माउस उजव्या हातात, डाव्या हाताचं मधलं बोट झेडवर आणि तर्जनी एक्सवर. १६५-१७० बीपीएमच्या (मिनिटाला इतके ठोके) स्ट्रीम, म्हणजे सलग नोटांच्या ओळी, स्वच्छ निघतात. १८० ची स्ट्रीम आली की पहिल्या दहा-बारा नोटा नीट जातात, मग कोपराखालचा हात ताठ होतो, एखादी नोट गळते आणि तिथून पुढे सगळंच विस्कटतं. बरेच महिने इथेच अडकलोय.

विचारायचंय ते असं. बोटांच्या वेगाला शरीराची काही ठरलेली मर्यादा असते का, आणि आपण तिथे पोचलोय हे कसं ओळखायचं? रोज पाऊण तास मिळतो, त्यात नेमकं काय करावं? कीबोर्ड साधा मेकॅनिकल आहे, निळे स्विच. तो बदलून फरक पडेल का? आणि खेळून झाल्यावर कोपराखाली वरच्या बाजूला ओढल्यासारखं दुखतं, ते चालायचंच की थांबायला हवं?

लयकारी

मर्यादा आहे, पण ती एकच नाही. आपण सरसकट ज्याला वेग म्हणतो त्यात एकट्या बोटाचा कमाल वेग, दोन बोटांचा मेळ आणि दम अशा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. तुझं घोडं कुठे अडलंय हे आधी शोध, नाहीतर जे आधीच चांगलं आहे त्याचाच सराव करत बसशील.

आधी हिशोब. स्ट्रीम म्हणजे एका ठोक्याला चार नोटा, आपली चौगुन. १८० बीपीएमला सेकंदाला १२ नोटा पडतात, दोन नोटांत ८३ मिलिसेकंदांचं अंतर. बोटं आळीपाळीने चालतात, म्हणजे एकेका बोटाला सेकंदाला ६ टॅप, आणि खाली जाऊन परत वर यायला १६७ मिलिसेकंद. २०० ला हेच १५० होतात, २४० ला १२५.

आता शरीर काय देतं ते बघ. मेंदूविकारांच्या तपासणीत बोटाच्या टॅपिंगची जुनी चाचणी आहे: दहा सेकंद, एकट्या तर्जनीने, जमेल तितक्या वेगाने. निरोगी प्रौढ माणसाचा सरावाच्या हाताचा आकडा ५० च्या आसपास येतो, दुसऱ्या हाताचा साधारण दहा टक्क्यांनी कमी. म्हणजे मुद्दाम सराव न केलेल्या माणसाची बोटं सेकंदाला ५ ते ७ टॅप देतात. ५ टॅप म्हणजे १५० ची स्ट्रीम, ६ म्हणजे १८०. २४० ला प्रत्येक बोटाला सेकंदाला ८ टॅप लागतात, आणि तेवढ्या वेगात लांब स्ट्रीम टिकवणारे खेळाडू आहेत. तेव्हा १८० ही माणसाची कमाल मर्यादा नाही. पण सरावाशिवाय जिथे बहुतेकांचा हात अडतो, बरोबर त्या जागी तू उभा आहेस.

अडतं का? बोट खाली दाबणारे स्नायू कोपराखाली आतल्या बाजूला असतात, बोट उचलणारे वरच्या बाजूला. एकाने सोडलं तर दुसऱ्याला काम करता येतं. स्नायू आवळायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्याला सैल पडायला लागतो. वेग वाढला की दाबणारा पुरता सुटायच्या आत उचलणारा ओढायला लागतो, आणि मग दोघं एकाच वेळी आवळलेले राहतात. हात ताठ होतो तो याने. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, म्हणून दहा-बारा नोटांनंतर एकदम दम संपतो. तुझं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. सराव करायचाय तो बोट सोडण्याचा. दाबणं सगळ्यांनाच जमतं.

तपासायचं असं. हात कोमट असताना, खेळ सुरू न करता, नुसत्या कीवर:

दहा सेकंद एकट्या तर्जनीने टॅप कर, आकडा लिही. दोन मिनिटं थांब. मग एकट्या मधल्या बोटाने. दोन्हीपैकी लहान आकड्याला ३ ने गुण. ५८ आला तर १७४. तुझ्या हळू बोटाला झेपणारी ही वरची हद्द, कारण स्ट्रीममध्ये दोन्ही बोटांना सारखेच टॅप द्यावे लागतात.

मग दोन्ही बोटांनी आळीपाळीने दहा सेकंद. या आकड्याला दीडने गुणलं की बीपीएम मिळतो, १२० टॅप म्हणजे १८०. हा आकडा पहिल्या हद्दीपेक्षा बराच खाली असेल तर बोटं वेगवान आहेत, मेळ नाही. जवळ असेल तर हळू बोटच अडवतंय.

शेवटी तीस सेकंद आळीपाळीने, पण मोजायचे फक्त शेवटचे दहा सेकंद. पहिल्या दहापेक्षा इथे दहा टक्क्यांहून जास्त घसरण असेल तर दम कमी आहे.

आकडे इथे टाक, पुढचं त्यावरून बोलू.

गडगडाट

इतकं काही लागत नाही. २०० चे मॅप (खेळात मांडलेली गाणी) खेळत राहायचं, नोटा सुटल्या तरी थांबायचं नाही. बोटं आपोआप वेग पकडतात.

लयकारी

@गडगडाट, यात निम्मं खरं आहे. आपल्या वेगाच्या वर बोटांना नेल्याशिवाय वेग वाढत नाही, फक्त १६५ घोटून १८० येत नाही. पण अख्खा २०० चा मॅप खेळताना पहिल्या काही नोटांनंतर मेळ तुटतो आणि उरलेली चार मिनिटं हात बेताल बडवण्याचीच सवय लागते. ती सवय पुढे मोडायला फार जड जाते.

आणि हे स्कोअरमध्ये लगेच दिसत नाही. ओडी म्हणजे मॅप वेळेबाबत किती कडक आहे तो आकडा. ओडी ८ ला नोटेचे पूर्ण ३०० गुण मिळायची खिडकी ठोक्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३२ मिलिसेकंद असते. २४० ला दोन नोटांत अंतरच साडेबासष्ट मिलिसेकंद, म्हणजे एका नोटेची खिडकी संपते तिथेच पुढचीची सुरू होते. नुसतं बडवलं तरी बऱ्याच नोटा ३०० देऊन जातात. म्हणून अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा अनस्टेबल रेट (यूआर) बघा. तो म्हणजे टॅप जितक्या मिलिसेकंदांनी चुकतात त्यांचं प्रमाण विचलन गुणिले दहा. यूआर १०० असेल तर टॅप साधारण १० मिलिसेकंदांनी मागेपुढे होतायत. १६० असेल तर १६, आणि ओडी ८ ला शंभरात पाचेक नोटा ३०० च्या खिडकीबाहेर जाणारच. यूआर १६० च्या वर गेलाय आणि अचूकता ९५ दिसतेय, तर तो वेग अजून तुमचा झालेला नाही.

वरचा वेग छोट्या तुकड्यांत घ्यावा. पाच-सात-नऊ नोटांचे बर्स्ट, मध्ये पुरती विश्रांती. इतक्या थोड्या नोटांत हात ताठ व्हायला वेळच मिळत नाही, आणि बोटांना त्या वेगाची चाल कळते.

मधलंबोट

कुठली बोटं वापरायची यावर थोडं, कारण बोटबदलाचा सल्ला खूप मिळतो.

तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा, बाकी बोटांची टोकं टेकलेली. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलेल, तर्जनी उचलेल, करंगळीही उचलेल. अनामिका जागची हलणार नाही. मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा उचलणारा स्नायू एकच, शिवाय हाताच्या पाठीवर त्यांच्या कंडरा आडव्या धाग्यांनी एकमेकींना बांधलेल्या. तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा जास्तीचा उचलणारा स्नायू मिळालाय, अनामिकेला नाही. म्हणून मधलं-अनामिका या जोडीपेक्षा तर्जनी-मधलं ही जोडी बहुतेकांना वेगासाठी सोपी जाते. मधलं-अनामिकावालेही उत्तम खेळतात, पण जी जोडी आहे ती मध्येच बदलली तर बरेच आठवडे मागे जावं लागतं. प्रश्नकर्त्याची जोडी ठीक आहे, तीच ठेवावी.

सरावात मात्र उलट्या बोटाने सुरुवात जरूर करा. रोज स्ट्रीम तर्जनीने सुरू होत असेल तर ठोका कायम तर्जनीवर पडतो आणि मधलं बोट नुसतं मागे ओढलं जातं. त्यातून लंगडी चाल येते: १८० ला ८३-८३ ऐवजी ७०-९६-७०-९६. कानाला ती टप-टप अशी सारखी न येता टटप-टटप अशी जोडीजोडीने येते. खेळाचा आवाज बंद करून फक्त कीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि निम्म्या वेगाने ऐका, लंगडणं लगेच कळतं.

यावर सगळ्यात चांगला उपाय तिगुन. एका ठोक्याला तीन नोटा आल्या की पहिला ठोका तर्जनीवर, दुसरा मधल्यावर, तिसरा परत तर्जनीवर. दुबळं बोट लपू शकत नाही. मेट्रोनोम १२० वर लावायचा, आठ ठोके दुगुन, आठ तिगुन, आठ चौगुन, न थांबता. वर जाताना आणि खाली येताना. तबल्याचा रियाज केलेल्यांना हे नवं नाही. चौगुनमधून परत दुगुनमध्ये उतरताना हात धावत सुटला, तर ताबा नाही असं समजावं.

कीकॅप

कीबोर्डचं सांगतो.

निळ्या स्विचमध्ये क्लिक होते त्या जागेपेक्षा बरंच वर आल्यावरच की सुटल्याची नोंद होते. त्यामुळे बोट थोडंसंच वर आलं तर पुढचा टॅप नोंदवलाच जात नाही. बोट दाबलं गेलंय, आवाज आलाय, नोट मात्र गळाली. खेळताना कीचे पट्टे पडद्यावर दाखवायची सोय चालू करा आणि रिप्ले बघा. गळालेल्या नोटेपाशी आधीच्या टॅपचा पट्टा लांबलचक दिसला तर बोट वर आलंच नाही. दोन टॅपांच्या मध्ये रिकामी जागा दिसली तर बोट खाली गेलंच नाही. दोन्हींचे उपाय वेगळे.

सरळ चालणारे लाल स्विच घेतले तर हा त्रास कमी होतो: ४५ ग्रॅमच्या आसपास जोर, २ मिलिमीटरवर नोंद, एकूण प्रवास ४. त्याहून पुढचे म्हणजे चुंबकाचे, हॉल इफेक्टवाले. त्यात की किती खाली गेली की नोंद करायची हे आपण ठरवतो, आणि रॅपिड ट्रिगर चालू केला की बोट वर निघाल्याबरोबर की सुटलेली धरली जाते, ठरावीक उंचीपर्यंत यावं लागत नाही. वरच्या पोस्टमध्ये सोडण्याला वेळ लागतो म्हटलंय, नेमकी तिथेच यांची मदत होते. जास्त वेगात गळणाऱ्या नोटा खरोखर कमी होतात.

पण लावताना लोक पहिल्याच दिवशी सगळं ०.१ मिलिमीटरवर ठेवतात. मग नुसतं टेकलेलं बोट श्वासासोबत हललं तरी टॅप पडतो. सुरुवात नोंद १ मिलिमीटर आणि रॅपिड ट्रिगर ०.३ अशी करा. दोन आठवडे तसंच खेळा. नको असलेले टॅप पडत नसतील तर नोंद ०.८ वर आणा, मग ०.६. रोज आकडे बदलले तर हाताला कसलीच सवय लागत नाही.

नवीन कीबोर्ड घेण्याआधी फुकटातल्या गोष्टी करा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, नाहीतर मनगट सतत वर वाकलेलं राहतं. ८ मिलिसेकंदांनी एकदा कळवणारा म्हणजे १२५ हर्ट्झचा कीबोर्ड असेल आणि त्यात १००० हर्ट्झची सोय असेल तर ती चालू करा. एका दाबात दोन टॅप पडत असतील तर स्विच झिजलाय, तो बदलावा. आणि की तळापर्यंत ठोकू नका. तळाला आपटलेल्या बोटाचा जोर वाया जातो आणि तोच ताण पुढच्या उचलण्याच्या आड येतो.

फिजिओ_नाशिक

दुखण्याबद्दल मी लिहिते, माझं कामच ते आहे.

खेळल्यावर कोपराखाली पसरलेला, बोथट थकवा आणि तासा-दोन तासांत पूर्ण जाणारा, हा स्नायूंचा आहे. तो चालतो. बोटाने दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणं, टोचल्यासारखी कळ, सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असणं, वस्तू हातातून निसटणं, मुंग्या किंवा बधिरपणा, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी खेळ बंद. ‘आधी दुखतं, मग गरम झालं की थांबतं’ हेही चांगलं लक्षण नाही. कंडरेच्या दुखण्याची सुरुवात अशीच होते.

मुंग्या कुठे येतात ते नीट बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू असेल तर मनगटाच्या बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर दाब आहे. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर दाब बहुधा कोपरापाशी आहे, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांत हे सर्रास दिसतं. दोन्ही प्रकारांत आठवडाभर आराम करूनही मुंग्या राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा, व्यायाम शोधत बसू नका. वेदनाशामक गोळी घेऊन खेळणं तर अजिबात नको. दुखणं ज्या जागी थांबवणार होतं ती जागाच कळेनाशी होते.

स्नायू काही आठवड्यांत तगडा होतो, कंडरेला महिने लागतात. वेग वाढू लागतो त्याच सुमाराला दुखापती होतात त्या या फरकाने. आठवड्यात सरावाचा एकूण वेळ किंवा वेग यांपैकी एकच गोष्ट वाढवा, दोन्ही एकदम नकोत.

तुमचं दुखणं वरच्या बाजूला आहे, म्हणजे उचलणारे स्नायू. त्यांना वेगळं बळ द्या. पाचही बोटांच्या टोकांभोवती जाड रबरबँड अडकवा, बोटं सावकाश फाकवा, दोन सेकंद धरा, त्याहून सावकाश मिटा. पंधरा वेळा, दोन फेऱ्या, दिवसाआड. दुसरा: हात टेबलावर पालथा, मनगट कडेबाहेर, हातात अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला आणि एकट्या हाताने चार मोजत खाली सोडा. बारा वेळा, दोन फेऱ्या. स्प्रिंगचे हातदाबे यासाठी निरुपयोगी आहेत, ते फक्त पकड वाढवतात, आणि पकड तुमची आधीच जास्त आहे.

ताणण्याचे व्यायाम खेळून झाल्यावर: कोपर सरळ, मनगट खाली वाकवून दुसऱ्या हाताने हलकेच ओढायचं, वीस-तीस सेकंद, दोनदा. खेळण्याआधी जोरात ताणू नका, त्याआधी हात गरम करा. थंड हातात नसांचा आणि स्नायूंचा वेग खरोखर कमी होतो. एसीच्या खोलीत किंवा थंडीत तीन-चार मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवले तरी पहिल्या मॅपपासून फरक दिसतो.

बसताना कोपराचा कोन ९० ते ११० अंश, खांदे खाली, कोपराखालचा हात टेबलावर पूर्ण टेकलेला. फक्त मनगट कडेवर टेकलं असेल तर जागा बदला.

झेडएक्स_वऱ्हाड

सगळ्यांचे आभार. चाचणी केली. तर्जनी ७०, मधलं बोट ६१. आळीपाळीने दहा सेकंदांत १२२. तीस सेकंदांतले शेवटचे दहा १०६. रिप्लेत गळालेल्या नोटांपाशी झेडचे पट्टे लांब दिसतात. मुंग्या नाहीत, दुखणं रात्रीपर्यंत जातं.

लयकारी

आकडे फार स्पष्ट बोलतायत. तर्जनीची हद्द २१०, मधल्याची १८३. आळीपाळीने १२२ म्हणजे बरोबर १८३. मेळ उत्तम आहे, त्यात काही वाया जात नाही. अडवतंय ते मधलं बोट, आणि तेही वर येताना, पट्टे तेच सांगतायत. शिवाय तीस सेकंदांत १८३ वरून १५९ वर घसरण, म्हणजे दमही कमी. १८० च्या मॅपमध्ये तू आपल्या कमाल वेगाच्या जवळपास ९८ टक्क्यांवर खेळतोयस. तिथे कुणाचाही हात ताठ होईल. १८० आरामात खेळायचं तर कमाल २०० च्या आसपास हवी.

आठवड्यात चार दिवस धर, दोन वेगाचे, दोन दमाचे. लागोपाठ दोन वेगाचे दिवस नकोत.

दोन्ही दिवशी सुरुवात आठ-दहा मिनिटं १३०-१४० च्या हलक्या मॅपने. यात एकच बघायचं: करंगळी आणि अंगठा हवेत ताठ उभे राहिलेत का. राहिले असतील तर हात आवळलेला आहे. श्वास धरला जातोय का तेही बघ, लांब स्ट्रीममध्ये बहुतेक जण धरतात.

वेगाच्या दिवशी आधी एकटं मधलं बोट. एका ठोक्याला दोन नोटा असलेला १५० बीपीएमचा मॅप किंवा मेट्रोनोम, फक्त झेड. सेकंदाला ५ टॅप होतात, तुझ्या कमालीच्या ८० टक्क्यांच्या वर. आठ सेकंद टॅप, तीस सेकंद आराम, सहा वेळा. लक्ष सगळं बोट वर येण्यावर ठेव, खाली ते आपोआप जातं. बोट कीपासून सुटून उंच उडता कामा नये, कीकॅपला चिकटलेलं राहूनच वर यायला हवं. सहाही वेळा पट्टे सारखे आले की पुढच्या खेपेला १५५. असं करत १८० पर्यंत न्यायचं. १८० ची दुगुन एकट्या मधल्या बोटाने आठ सेकंद जमली की स्ट्रीममध्ये तेवढाच भार त्याच्यावर येतो.

मग बर्स्ट, १९५ वर. पाच नोटांचे दहा, मध्ये दोन-तीन सेकंद हात पूर्ण सैल. दर दहांनंतर एक मिनिट थांबायचं. असे पाच गट, त्यातले दोन मधल्या बोटाने सुरू करायचे. पाच नोटांचा बर्स्ट ज्या बोटाने सुरू होतो त्याच बोटावर संपतो, म्हणून मधल्याला तीन टॅप मिळतात. पाच जमले की सात, मग नऊ. नऊ स्वच्छ जमले की वेग ५ ने वाढवायचा आणि परत पाचावर यायचं. हे सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नकोस. कमाल वेगाचं काम थकलेल्या हाताने केलं तर फक्त ताठरपणा शिकला जातो.

दमाच्या दिवशी १५५ च्या लांब स्ट्रीम, तीस सेकंद ते एक मिनिट, पाच-सहा, मध्ये दीड मिनिट आराम. आवडीचा मॅप वेगळ्या वेगाचा असेल तर ओसूच्या लेझर आवृत्तीत डबल टाइम आणि हाफ टाइम या मॉडचा (गाण्याचा वेग वाढवायची-कमी करायची सोय) गुणक बदलता येतो. १४० चा मॅप १.१ ने चालवला की १५४ मिळतो. नेहमीचा डबल टाइम दीडपट करतो, १३० चा मॅप एकदम १९५ होतो, तो बर्स्टसाठी चांगला. शेवटी दहा मिनिटं वर सांगितलेली दुगुन-तिगुन-चौगुन.

थांबायचं केव्हा: सुरुवातीच्या मॅपवर यूआर ९० होता आणि तोच मॅप परत लावल्यावर ११० आला, तर त्या दिवसाचं काम संपलं. जबरदस्तीने पुढे रेटलेला अर्धा तास दुसऱ्या दिवशीचाही सराव खातो. बोटांच्या हालचालींचं शिकणं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे रविवारी सलग तीन तासांपेक्षा चार दिवस अर्धा-पाऊण तास केव्हाही बरा.

एका गोष्टीपासून लांब राहा. काही जण कोपरापासून अख्खा हात आवळून थरथरवतात. आवळलेल्या हाताचा नैसर्गिक कंप सेकंदाला ८ ते १२ असतो, त्यावर स्वार होऊन आकडा मोठा येतो. पण त्याचा वेग आपल्याला ठरवता येत नाही. १९० ची स्ट्रीम आली तर २१० होऊन पुढे पळते, आणि फिजिओताईंनी सांगितलेल्या दुखण्यांना हे आमंत्रणच.

दहा सेकंदांची चाचणी दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळेला, गरम हाताने. रोज केलीस तर चढउतारच दिसतील.

रातराणी

मी मोबाईलवर खेळते, दोन्ही अंगठ्यांनी. कीबोर्ड नाही. हेच सगळं लागू होतं का? सध्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ दुखतं.

फिजिओ_नाशिक

@रातराणी, तुमचं आधी दुखणं बघू. अंगठा तळहातात घ्या, त्यावर चार बोटांची मूठ वळा आणि मनगट हलकेच करंगळीच्या दिशेने झुकवा. अंगठ्याच्या बुडाशी झणकन कळ आली तर तिथल्या कंडरांच्या आवरणाला सूज असण्याची शक्यता आहे. अंगठ्यावर सतत काम पडणाऱ्यांना, अगदी तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांनाही हे होतं. दोन-तीन आठवडे अंगठ्याने खेळणं पूर्ण बंद, फोनवर टाइप करतानाही तर्जनी वापरा, आणि कमी झालं नाही तर तपासून घ्या. लवकर धरलं तर पट्टा आणि आरामाने बहुतेकांचं बरं होतं.

मधलंबोट

आणि बरं झाल्यावर अंगठ्यांवर परत जाऊ नका. फोन हातात धरून खेळताना अंगठा फोनचं वजनही पेलतो आणि टॅपही करतो, त्यामुळे वेगाची हद्द लवकर येते. फोन टेबलावर सपाट ठेवा, खाली रबरी चटई किंवा माउसपॅड, म्हणजे सरकणार नाही. दोन्ही हातांच्या तर्जनी वापरा. दोन वेगळे हात असल्याने एकमेकांत अडकणाऱ्या कंडरांचा प्रश्नच येत नाही, आणि तिरप्या किंवा लांब पसरलेल्या नोटांना पोचताही येतं. फोनच्या पडद्याला खाली जाण्याचा प्रवास नसतो, त्यामुळे जोर देऊन काही मिळत नाही. बोटाच्या पेराऐवजी टोकाजवळच्या मऊ भागाने, पडद्यापासून सेंटिमीटरभराच्या आतच हालचाल ठेवा.

लयकारींची चाचणी तुम्हाला लागू होते, फक्त बोटांऐवजी डावा-उजवा हात समजा. डावा मागे पडलेला आढळेल, उजवा हात सरावाचा असेल तर. ब्लूटूथ इअरफोन असतील तर सरावापुरते तारेचे लावा. ब्लूटूथचा उशीर बदलत राहतो आणि सेटिंगमधल्या ऑफसेटने (आवाज आणि नोटा जुळवायचा आकडा) तो पुरता भरून निघत नाही, मग चूक बोटांची की आवाजाची हेच कळत नाही. घामाने बोट पडद्यावर अडखळत असेल तर पातळ कापडी बोटमोजे मिळतात, तर्जनीपुरते दोन पुरतात. ऑफसेट ते घातल्यावर परत तपासा, स्पर्श ओळखण्यात थोडा फरक पडतो.